‘मी’नं सुरुवात

बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘मी’ लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

“आजचा विषय ओळख. पुस्तकातली नाही, आपली. प्रत्येकानं काल संध्याकाळचं एक वाक्य बोलायचं. सुरुवात ‘मी’नं. आणि इथं कुणी कुणाला हसायचं नाही.”

“मी मैदानावर होतो, मॅडम.”

“मी मावशीकडे गेले होते.”

“मी झोपलो होतो,” पहिल्या बाकावरचा टवाळ म्हणाला, “अजून उठलो नाहीये.”

नियम तिथंच मोडला. बाईही हसल्या. वर्ग छान खुलला होता.

वाक्यं सरकत सरकत शेवटच्या बाकाशी आली आणि बाईंची नजर फळ्यावरच्या ‘मी’कडे गेली.

ती जागा मफलरची. भर उन्हातही गळ्याला मफलर, म्हणून वर्गानं पाडलेलं नाव. इतर तासांना हा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईंच्या तासाला मात्र हात वर व्हायचा. ‘मला वाटतं’, ‘माझं म्हणणं असं’, ‘मी वाचलं’. पण कधी ‘आलो’ नाही, की ‘आले’ नाही. बाईंनी हे केव्हाच हेरलं होतं. कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आज खडू उचलताना मात्र साफ विसरल्या.

“मला काल बरं नव्हतं,” मफलरनं म्हटलं.

“‘मी’नं, ‘मी’नं!” टवाळ ओरडला.

“असू दे. पुढे कोण—”

“असं कसं मॅडम? सगळ्यांना एकच न्याय.” तो मागे वळला. “बोल ना. मी काय? घरी होतो, की होते?”

या वेळी कुणी हसलं नाही. सगळा वर्ग फक्त मागे वळून बघत राहिला. त्यापेक्षा हसले असते तर बरं, असं बाईंना वाटलं.

मफलरनं फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. मग वाक्य सापडलं.

“मी काही केलं नाही.”

सॅक खांद्यावर चढली. दार हलकेच, जराही आवाज न करता, लागलं.

तास संपला, वर्ग रिकामा झाला. बाई एकट्याच त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मनाशी तशी वाक्यं जुळवू लागल्या. मला उशीर झाला. मला घरी जायचंय. मी फळा पुसला नाही.

फोन वाजला.

“आई, मी जेवलो!” लेकीचा आवाज.

“जेवले म्हण गं, जेवले,” मागून आजी. सकाळी बाईंनीही तिला हेच सांगितलं होतं.

“आई, तू निघालीस का?”

तोंडाशी आलेलं ‘निघाले’ बाईंनी गिळलं. दुसरं सापडेना.

“आई,” फोनमधून पुन्हा आलं, “बोल ना.”