सदतीस टक्के

नवव्या दिवशीही थोरली त्याच जागी थांबली. सदतीस टक्के. संगणकाच्या पडद्यावरची निळी रेघ तिथवर यायची आणि पुढे सरकायचं नाव घ्यायची नाही.

बाबा खुर्चीत मागे रेलले. लांबलचक जाहिराती लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. गाद्या, मिक्सर, गुडघ्याचं तेल, काहीही द्या. बारा-बारा पानांचा मजकूर लोक शेवटच्या ‘आत्ताच मागवा’पर्यंत वाचत जायचे. छोटे परिच्छेद, मध्येमध्ये ठसठशीत उपशीर्षकं, डोळ्यांना विसावा म्हणून मोकळी जागा. आणि एक नियम: वाचक जिथं सोडून जातो, तिथं कात्री.

सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या थोरल्या मुलीला पत्र लिहायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तेही असंच रचलं. इंटरनेटवर एक पान केलं, त्याची लिंक फक्त तिला पाठवली. पान कधी उघडलं, किती टक्के वाचलं, सगळं त्यांना इथं बसून दिसायचं.

“अहो, पोरीला पत्र लिहिताय की मिक्सर विकताय?” बायको म्हणाली होती. पण पान पहिल्यांदा उघडलं गेलं, तेव्हा तीच डोळे पुसत पडद्याजवळ आली.

थोरली रोज यायची. सकाळी सव्वाआठला, बहुधा कामावर निघताना. सदतीस टक्क्यांवर पोचायची, पुढची आठ-दहा मिनिटं पान नुसतंच उघडं राहायचं, मग बंद. घरी फोन मात्र नाही. बाबांनी अर्थ लावला: कंटाळते, मोबाइल बाजूला ठेवते, विसरून जाते. त्यांच्या धंद्यात तरी याचा दुसरा अर्थ नव्हता.

त्या जागी चौथा परिच्छेद होता. अख्ख्या पत्रात तेवढाच बेशिस्त. एका दमात लिहिलेला, ना उपशीर्षक, ना श्वास घ्यायला जागा. सहा वर्षांपूर्वी स्कूटरचा ब्रेक सैल झाल्याचं बाबांना आठवडाभर ठाऊक होतं. उद्या बघू, उद्या बघू करत त्यांनी तो तसाच ठेवला. रविवारी थोरली धाकटीला मागे बसवून उतारावरून निघाली. थोरली वाचली. धाकटी गेली. दवाखान्याच्या दारात, सगळ्या नातेवाइकांसमोर, बाबा थोरलीला म्हणाले होते, “तूच मारलंस तिला.” ब्रेकचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा ते या पत्रातूनच कळलं, आणि दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती. चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: चूक माझी होती, तुझी नव्हती.

ते लिहायचं धाडस व्हायला सहा वर्षं गेली होती. नवव्या दिवशी तो परिच्छेद त्यांनी एका झटक्यात काढून टाकला. सोडून जाणारा वाचक एक दिवस कायमचा जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि या वाचकाला गमावून चालणार नव्हतं. त्या जागी त्यांनी जाड ठशात लिहिलं, ‘झालं गेलं विसरून जाऊ’. खाली तीन सुटसुटीत ओळी: तुझी खोली तशीच आहे, आई रोज आठवण काढते, सगळे वाट बघतायत. तळाशी मोठं बटण, ‘घरी फोन कर’.

दहाव्या दिवशी आठ वाजल्यापासूनच ते पडद्यासमोर बसले. रेघ सदतीसवर आली. थांबली. मग पुढे सरकली. पन्नास. सत्तर. शंभर. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली, पुन्हा शंभर. असं तीनदा. बाबांना रडू फुटलं. इतका खिळलेला वाचक त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. बाबा धडपडत उठले, पण बायकोनं तो आधीच घेतला होता. ती नुसती ऐकत होती. थोड्या वेळानं ती बाहेर आली, मोबाइल हातातच.

“पत्रातलं काही काढलंत का?”

“एकच परिच्छेद. तिथूनच ती रोज निघून जायची.”

बायको पडद्याकडे बघत म्हणाली, “निघून जात नव्हती हो. रोज तेवढंच वाचून रडायची. आज धीर करून तुम्हाला फोन करणार होती. त्याआधी एकदा वाचावं म्हणून पान उघडलं, तर ते तिथं नाही. तीन वेळा वरपासून खालपर्यंत शोधलं म्हणाली.”

“परत घालतो मी. आत्ता घालतो. तिला फोन लाव.”

“लावला. बंद केलाय तिनं.”

बाबा की-बोर्डवर हात ठेवून तसेच उभे राहिले. “आणखी काय म्हणाली?”

“एवढंच विचारलं. ‘म्हणजे शेवटी चूक माझीच ना, आई?’”