माझ्यापुरता घोट

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळ्यांच्या ओठांना एकच प्याला लागतो. सासूबाईंच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि मंडळीला एकाएकी त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागली. "तुम्ही सावकाश या हो मावशी, आम्ही उरकून घेतो." असं करत करत त्या रांगेच्या टोकाला गेल्या. त्यांच्या मागे फक्त हे उभे राहायचे. "आईचं कसलं आलंय उष्टं," म्हणायचे आणि पाळकांनी कड पुसायच्या आत प्यायचे.

सासूबाई गेल्या तेव्हा झाडून सगळे आले. गाणी सुरेख म्हटली, खिडक्या सताड उघड्या ठेवून.

आज त्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन. हे रांगेच्या मधोमध उभे राहिले आणि दोनदा खोकले. पुढे उभ्या असलेल्या चर्चच्या सेक्रेटरींनी वळून पाहिलं, गोड हसले. "तू सावकाश ये रे. दमला असशील." मागची रांग ह्यांना वळसा घालून पुढे सरकली.

मी बाळाला नणंदेच्या मांडीवर ठेवलं आणि ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"वेड लागलंय का तुला?" हे कुजबुजले. "बाळाचा तरी विचार कर."

"केलाय. इतक्या लवकर वरचं दूध का लावलं, विचारत होतात ना? तुमच्या रुमालांवरचे लाल डाग मीच धुते."

पाळकांनी पुढे केलेल्या प्याल्यापाशी ह्यांचा हात थांबला.

"प्या," मी म्हटलं. "माझ्यापुरता घोट ठेवा."