करंट येत न्हाई

धम्मपालने आणखी एकदा किक मारली. इंजिनाने साधी धुगधुगीही दाखवली नाही. नुसतं पेडल खाली गेलं आणि वर आलं. त्याने चाकाला लाथ घातली आणि शहागडच्या मिस्त्रीच्या नावाने शिवी हासडली.

शीतल अंगणात तयार उभी होती. प्रवासासाठी पंजाबी ड्रेस घातलेला, लग्नात नेसायची साडी पिशवीत. आज दुपारी जालन्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात तिच्या धाकट्या बहिणीचं, संध्याचं लग्न होतं. आई-वडील नव्हते. मुलीच्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करायला संध्याने ताईला आणि भाऊजींना बोलावलं होतं, आणि भाऊजींनी फोनवर हसत हसत हो म्हटलं होतं. मोटारसायकलच्या भरवशावर दोघांनी सकाळची एसटी जाऊ दिली होती.

धम्मपालने प्लग काढला. काळा पडलाय म्हणाला, पॉलिश पेपरने घासला. मग वायरीच्या टोपीत बसवून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पडली नाही. घरातला नवा प्लग लावून पाहिला, तरी तेच. त्याने पेट्रोलला नावं ठेवली, हल्ली त्यात काय काय मिसळतात ते सांगितलं, ही गाडीच विकून टाकतो म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की शेजारची चांगुणाबाई दारात आली आणि काही न विचारता परत आत गेली.

"कॉइल गेली," शेवटी तो हात झटकत म्हणाला. "करंटच येत न्हाई. कॉइल जालन्याशिवाय भेटायची न्हाई. फोन लाव तिला, म्हणावं दुसरं कुणी उभं करा."

शीतलने फोन लावला नाही. ती आरोग्यसेविका होती. लसींचा डबा मागे बांधून हीच गाडी तिने वाड्या-वस्त्यांवर नेली होती, आणि वाटेत बंद पडली तेव्हा उघडलीही होती. आत्तापर्यंत ती गाडीकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त पाहत होती. तो चिडला होता खरा, पण त्याला घाई कसलीच नव्हती.

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. प्लगपर्यंत करंट येत नसेल, तर मागे कुठवर येतो ते पाहिलं का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, पाहिलं. तिने सीटखालचं बाजूचं कव्हर काढायला घेतलं, तसा तो मध्ये आला. तिथं काही नसतं, वायरी तुटतील, म्हणाला. तिने त्याचा हात बाजूला केला.

आत प्लगला करंट सोडणाऱ्या सीडीआयच्या डबीचं सॉकेट सुटून लोंबकळत होतं. डबीवर, वायरींवर रस्त्याची माती थराने बसली होती. फक्त सॉकेटच्या खटक्यावर अंगठ्याएवढी जागा पुसली गेली होती. तो खटका दाबल्याशिवाय सॉकेट निघत नाही.

शीतल त्या पुसलेल्या जागेकडे पाहत राहिली.

"खड्ड्यानं निघालं असंल," धम्मपाल म्हणाला.

तिने त्या जागेवर बोट ठेवलं. मग तोच बोलत गेला. काल पुंजारामकाकांनी त्याला घरी बोलावून घेतलं होतं. संध्याच्या होणाऱ्या नवऱ्याचं, स्वानंदचं घर दुसऱ्या जातीचं. उद्या त्यांनी पोरीला उंबऱ्याबाहेर ठेवलं तर आपण कुणाकडे दाद मागायची, असं ते म्हणाले होते. त्या लग्नात जो सही करील त्याने माझ्या दारात येऊ नये, असंही म्हणाले होते. काकांनी त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि तुला तरी कसं म्हणायचं?

"तोंडानं म्हणायचं," शीतल म्हणाली. "मी भांडले असते, एकटी एसटीनं गेले असते. तुम्ही मला इथं उभी करून गाडी दुरुस्त करून राह्यलात."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर धम्मपालला बरं वाटलं असतं.

तिने सॉकेट जागेवर दाबलं. खट्ट झालं. प्लग बसवला, पान्याने आवळला, टोपी लावली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"जाऊ की मंग," तो घाईने म्हणाला आणि त्याने हँडलला हात घातला. "अजून बराबर टायमाला पोचू. सरक, मी घेतो."

"मागं बसा."

"आख्ख्या गावातून?"

"मागं बसा."

तो बसला. प्लगच्या काजळीने काळे झालेले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. साडीची पिशवी तिने त्याच्याकडे दिली नाही, स्वतःच्याच गळ्यात अडकवली.

फाट्यावरच्या हॉटेलात पुंजारामकाका चहा घेत बसले होते. बाजूच्या बाकांवर गावातली चार माणसं होती. पुढचा रस्ता मोकळा होता. शीतलने ब्रेक दाबला आणि गाडी त्यांच्या समोर आणून उभी केली. इंजिन बंद केलं नाही.

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या पुतण्याकडे.

"कुठं निघाला रे?"

धम्मपालने शीतलच्या पाठीकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती.

"जालन्याला," तो पुटपुटला. "संध्याच्या..."

काकांनी कानामागे हात धरला. बाकावरची माणसंही बोलायची थांबली.

"मोठ्यानं सांगा," शीतल मागे न वळता म्हणाली. "गाडी चालू हाये."