पाच मार्कांचा प्रश्न

"हृदयाला कप्पे किती?"

"चार. आणि मध्ये झडपा असतात, त्यामुळे रक्त रिव्हर्स घेत नाही," बाबा म्हणाले.

"'रिव्हर्स घेत नाही' असं पेपरात लिहायचं नाही."

"मग काय लिहू, बाई?"

"रक्त एकाच दिशेने वाहतं."

बाबांनी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. शिकवणी सुरू झाली की ते मुलीला बाई म्हणत आणि संपली की स्वतः उठून बाईंसाठी चहा टाकत.

बावीस वर्षं ते रक्तपेढीची गाडी चालवत होते. शिबिरांतून रक्ताच्या पिशव्या आणायच्या, दवाखान्यांना पोचवायच्या. आता कंबर कुरकुरायला लागली होती. रक्तपेढीतच मदतनिसाची जागा निघाली होती, बसून करायचं काम. साहेबांनी ती त्यांच्यासाठी अडवून धरली होती, पण शाळेची शेवटची परीक्षा पास असण्याची अट होती आणि बाबांची शाळा लहानपणीच सुटलेली. गेल्या वर्षी ते परीक्षेला बसले, बाकी सगळ्या विषयांत निघाले आणि जीवशास्त्रात तीन मार्कांनी गेले.

"गाडीभर रक्त वाहतो आणि जीवशास्त्रात नापास!" रक्तपेढीत सगळ्यांनी त्यांची टर उडवली. तेही हसले. साहेब आणखी वर्षभर थांबायला तयार झाले, त्यापुढे नाही.

यंदा मुलीने सूत्रं हातात घेतली. ती वीस वर्षांची, नर्सिंगला होती. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उजळणी चाले. पेशी झाली, पचनसंस्था झाली, श्वसन झालं. बाबांना सगळं गाडीच्या भाषेत पटकन कळे. मूत्रपिंड म्हणजे फिल्टर. यकृत म्हणजे गॅरेजवाला, सगळी घाण कामं त्याच्याच गळ्यात.

मग आनुवंशिकतेचा धडा आला. वाटाण्याची उंच झाडं, बुटकी झाडं, आईबापाकडून पोरात काय काय येऊ शकतं ते मांडायचा चार घरांचा चौकोन. बाबांनी तोही भराभर सोडवला. त्यानंतर रक्तगट.

"रक्तगट मला शिकवतेस?" बाबा म्हणाले. "अगं, पिशवीवरचं लेबल मी अंधारातही वाचीन."

ते खरंच होतं. मुलगी अठरा वर्षांची झाली आणि तिने पहिल्यांदा रक्त दिलं, तेव्हा ती पिशवी त्यांनीच पोचवली होती. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "मी एबी, कुणाचंही घेतो. ही ओ, कुणालाही देते. पोरगी बापापेक्षा दिलदार निघाली."

मुलीने जुनी प्रश्नपत्रिका उघडली. "वडील एबी, आई ओ. मुलाचा गट ओ असू शकतो का? कारण द्या. पाच मार्क."

"असू शकतो."

"कसा?"

"आईवर गेलं पोर. त्यात काय?"

तिने चौकोन काढला. "हे बघा. एबीकडून एकतर ए येणार, नाहीतर बी. ओ व्हायला दोन्हीकडून ओ यावा लागतो. मग?"

बाबांनी चारही घरांवरून एकेक करून पेन फिरवलं. "असू शकतो," ते म्हणाले.

पलीकडे आई इस्त्री करत होती. "राहू दे गं तो एक प्रश्न," ती म्हणाली. "बाकीचं पक्कं झालंय त्यांचं."

"आई, पाच मार्क आहेत."

"मग पाच सोडून पंच्याण्णवचं करा." आई त्याच उशीच्या अभ्र्यावरून पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. वडील ए, आई बी, हे बाबांनी तोंडी सोडवलं. वडील बी, आई ओ, तेही. वडील एबी आले की गाडी अडली.

"एवढंच डोक्यात शिरत नाही बघ," बाबा म्हणाले. "वय झालं, बाई. छडी मारा हवी तर."

मुलीने वही मिटली. "उद्या परत घेऊ," एवढंच म्हणाली. त्या दिवशी चहा तिनेच टाकला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आईने दोन पेनं स्वतः लिहून तपासली आणि बाबांच्या खिशात लावली. मुलगी त्यांच्याबरोबर परीक्षाकेंद्रापर्यंत गेली. फाटकापाशी सगळी पोरंच पोरं होती. कुणी उभ्या उभ्या पुस्तकं चाळत होतं, कुणी आईवर खेकसत होतं. त्यांत पिकल्या मिशांचे बाबा एकटेच.

"बाई, शेवटचं काही?" त्यांनी विचारलं.

मुलीने त्यांची कॉलर सरळ केली. "तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरची प्रत मी मागवली होती."

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "कशाला?"

"तीनच मार्क कमी होते, म्हटलं कुठे वाढतात का बघू. पाच मार्कांच्या त्या प्रश्नाला चौकोन बरोबर काढला होता तुम्ही. चारही घरं बरोबर. आणि खाली लिहिलं होतं, 'असू शकतो'."

"घाईत चुकलं असेल."

"घाई नव्हती. 'शकत नाही' लिहून खोडलेलं दिसत होतं."

घंटा झाली. पोरं आत धावली. बाबा जागचे हलले नाहीत.

"आम्हाला हा चौकोन शाळेतच शिकवला होता, बाबा," मुलगी म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन मी आपला काढून पाहिला. तुम्ही एबी, आईही एबी, आणि माझ्या शाळेच्या ओळखपत्रावर ओ. तुम्ही दोघांनी मला कुठून तरी घरी आणलंत, हे मला पाच वर्षं माहीत आहे. आज खरं उत्तर लिहून या. मी इथेच थांबते."