उघड्या डोळ्यांचा फोटो

तिसरी थप्पड बसली आणि गुबी स्टुलावरून खाली आली. स्टूलही तिच्याबरोबर आडवं झालं.

"ऊठ," तिचा बाप म्हणाला. "बस परत. आणि आता डोळे मिटलेस तर बघ."

नऊ वर्षांची पोर मुकाट उठली. अंगाने भरलेली, गालांनी तर जास्तच. फोटो काढायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते गाल ओढून जायचं. आज त्यांच्यावर बापाची चार बोटं उमटली होती. शाळेच्या ओळखपत्राला फोटो हवा होता, तोही आजच, आणि अठरा वेळा बटण दाबून एकही धड आला नव्हता. एरवी या दुकानातून मिटल्या डोळ्यांचा फोटो कधी बाहेर गेला नव्हता. रडणारं तान्हं बाळसुद्धा हा फोटोवाला चुटकी वाजवून गप्प करायचा आणि नेमके उघडे डोळे पकडायचा. त्याचा त्याला भारी तोरा होता. घरचीच पोर नाक कापायला निघाली म्हटल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हनुवटी वर. इकडे बघ. एक, दोन..."

गुबीने बोटाने डाव्या डोळ्याखालचा गाल खाली ओढला. पापणीची आतली लाल कड दिसली, डोळा मोठा आणि बटबटीत झाला.

"वेडावतेस? बापाला वेडावतेस?"

त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं मागच्या पांढऱ्या पडद्यावर आदळलं. पडद्यामागे भिंत होती. मग पाठीत एक बुक्की, मग आणखी एक. हा राग काही आंधळा नव्हता. कुठे मारलं तर फोटोत दिसणार नाही ते बघून तो मारत होता. आणि गालावरचे वळ नंतर कॉम्प्युटरवर पुसता येतात, हेही त्याला ठाऊक होतं.

बाकावर आपल्या फोटोंची वाट बघत बसलेली सिस्टर उठली. रस्त्याच्या टोकाला डोळ्यांचा दवाखाना होता, तिथली. तिने त्याचं मनगट धरलं.

"सोडा तिला."

"सिस्टर, हा आमच्या घरचा मामला आहे. तुम्ही तुमचे फोटो घ्या आणि निघा."

"ती वेडावत नाहीये. मला तिचा डोळा बघू द्या."

"बघायचाय? या, मोठा करून दाखवतो. नुसती नाटकं."

अठरातल्या एका फोटोत डावा डोळा अर्धा उघडा होता. त्याने तो स्क्रीनभर केला. खालच्या पापणीचे केस बाहेर वळलेले नव्हते. ओळीने आत शिरून ते थेट बुबुळाला टेकले होते. भोवतीचं पांढरं लालभडक झालं होतं. सिस्टर काही बोलायच्या आत त्याचा हात सवयीने माऊसवर फिरला. एक केस गेला. दुसरा गेला.

"हे काय करताय?"

"साफ करतोय. हिच्या डोळ्यात असं काहीबाही येतंच. दर वर्षी पुसतो मी."

सिस्टरने त्याचा माऊसवरचा हात बाजूला केला.

"अहो, ते तिच्या पापणीचे केस आहेत. गाल असे भरले की खालची कातडी वर ढकलली जाते आणि केस आत वळतात. जड अंगाच्या मुलांमध्ये आम्ही बघतो हे. टोचतं म्हणून डोळा मिटतो, आणि मिटला की आणखी घासतात. गाल खाली ओढला की केस सुटतात, तेवढाच तिला आराम. याच्यावर इलाज आहे. आजच घेऊन या तिला."

मूळ फोटो तो जपून ठेवायचा. त्याने गेल्या वर्षीचा उघडला. सहा केस. त्याच्या आदल्या वर्षीचा. दोन. सगळे त्याने स्वतःच्या हाताने पुसले होते, इतक्या सफाईने की मागमूस उरला नव्हता. स्वतःची अशी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.

तो उठून मागे वळला. गुबीने स्टूल उभं केलं होतं आणि ती त्यावर बसली होती, हात गुडघ्यांवर, हनुवटी वर. तिचा गाल अलगद खाली ओढावा, तेवढं तरी करावं, म्हणून त्याने हात पुढे नेला.

गुबीने तो हात येताना बघितला. तिचे खांदे आखडले. डोळे मात्र तिने ताणून उघडे धरले. पाणी गालांवरून, वळांवरून ओघळत हनुवटीवर आलं, तरी तिने पापणी हलू दिली नाही.

"मिटले नाहीत, बाबा," ती म्हणाली. "काढा आता."