उबवणी

कमरेला गुंडाळलेली शाल. वाकायला बंदी. बोटभर बाटली. “हसवू नका, पडेल ती!” दोन दिवस सासूबाई ताठ बसल्या होत्या. वस्तीच्या बोअरचा पंप त्यांची सून सांभाळायची. फुटक्या झाकणातून घाण शिरल्यापासून सगळी घरं पाणी उकळून पीत होती. सुनेनं झाकण बदललं, टाकी घासली, तपासणीची बाटली भरली. ती दोन दिवस अंगाच्या उबेत ठेवायची; पाण्यात घाणीचे जंतू उरले असतील तर ते काळं पडतं. पाणी काळं पडलं तर बोअर कायमची बंद. “माझ्या पोटाइतकी ऊब कुठे?” सासूबाईंनी बाटली शालीत खोचली. “अंडं उबवताय का, काकू?” शेजारीण खिदळली. “पिल्लू झालं की तुलाच देईन!” मुदत भरली. सुनेनं डोळे मिटून घेतले, म्हणून सासूबाईंनीच बाटली शेजारणीसमोर धरली. “काळं नाही! आरपार नाक दिसतंय तुझं!” नळ उघडून सून गटागट प्यायली. ‘पिण्याचे पाणी’ अशी पाटी सासूबाईंनी बाटली भरण्याआधीच रंगवली होती.