बिनसाखरेचा

"पत्ती अर्धी कर," अमरने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. "अन् चहात साखरेच्या जागी त्या गोड गोळ्या नको टाकू. त्याच्यापेक्षा खजूर बरा."

दामिनीने मान डोलावली. आठवडाभर तिचे हेच प्रयोग चालले होते. अहेरीच्या बसस्टँडजवळ एक नवीन दुकान निघालं होतं. बर्फ घातलेला, वर बोटभर फेस असलेला दुधाचा चहा तिथे मिळे. अमरने एकदा घरी आणला होता. पेल्याच्या तळाशी साखरेचा गाळ पाहून दामिनीने तोंड वाकडं केलं.

"याच्यात चहा कमी अन् पावडरच जास्त हाये."

"मंग घरीच कर. बिनसाखरेचा," अमर म्हणाला. "गरम चहानं छातीत जळजळ होऊन राह्यली माह्या. डॉक्टर म्हणे, थंडा पेत जा."

अमरचं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आधी दवाखाने झाले, मग नवस झाले, आणि मग दोघांमधलं बोलणंच आटलं. अमर जेवायचा, ताट सरकवायचा, दुकानाची वाट धरायचा. त्या घरात खूप दिवसांनी कुणीतरी दामिनीकडे काही मागितलं होतं. तिने त्यात जीव ओतला.

पत्तीचं पाणी उकळून ती गार करायची. त्यात साय काढलेलं दूध, दुधात भिजवून गंधासारखा वाटलेला खजूर, चिमूटभर बडीशेपेची पूड. मग बर्फासकट सगळं स्टीलच्या घट्ट डब्यात घालून दोन्ही हातांनी असं हलवायची, की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. झाकण काढलं की पांढरा दाट फेस वर यायचा. तो पाहून तिला उगाच हसू यायचं.

चहा थर्मासमध्ये भरून अमर दुकानात न्यायचा. "घरी घाईत मजा नाई येत," म्हणायचा.

"तिथी जाईपर्यंत फेस बसते ना."

"बसू दे. हालवला का येते."

संध्याकाळी थर्मास धुऊन परत यायचा. त्याच्यासोबत एखादं वाक्यही यायचं. आज चांगला झाला. आज जरा घट्ट झाला. खजूर थोडा वाढव. दामिनी त्या वाक्यांची वाट पाहू लागली. तेवढ्या आधारावर दोघं बाकीचंही बोलू लागली. शेजारपाजारचं, बाजाराचं, तिच्या माहेरचं.

हिवाळा आला. शेजारची रंभाबाई अंगणात शेकोटीला हात धरून बसलेली असायची. बर्फ फोडल्याचा आवाज ऐकून तिने एकदा विचारलंच.

"पोरी, एवढ्या थंडीत बरफ काऊन फोडून राह्यली?"

"यायच्या पोटाले थंडाच मानवते, बाई."

"नवऱ्याचं एवढं करते. तुह्यं कोणी करते का?"

"करते ना," दामिनी म्हणाली. ते खोटं आहे, असं तिला त्या दिवशी वाटलं नाही.

मग अमरने नवीन पथ्य सांगितलं. बर्फासाठी पाणी उकळून घ्यायचं, कच्च्या पाण्याचा बर्फ नको. दामिनीच्या मनात पाल चुकचुकली. साध्या जळजळीला एवढं जपतात? त्यात मुलचेरा गावी दुरुस्तीच्या कामाला त्याच्या खेपा वाढल्या होत्या. तिकडून तो थकून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"मोठं काई असन तर लपवू नका," ती एकदा म्हणाली. "मी हाव ना."

"मले काई नाई झालं," तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता.

तिने सोमवार धरले. कुणासाठी, ते त्याला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात एके सकाळी फोन आला आणि अमर तसाच चपला अडकवून निघाला. थर्मास ओट्यावरच राहिला. थोड्या वेळाने दामिनी तो घेऊन दुकानात गेली. शटर पडलेलं होतं. शेजारचा हरिदास टेलर मशीनवरून मान वर करेना.

"हरिदासभाऊ, हे कुठी गेले?"

"मुलचेऱ्याले. दवाखान्यात."

"काऊन? काय झालं त्यायले?"

हरिदासने कापडाची घडी उगाच उलटी केली. "मले जास्त मालूम नाई, बाई. तुमी घरी जा."

ती घरी गेली नाही. समोर उभ्या असलेल्या मुलचेऱ्याच्या बसमध्ये चढली. खिडकीतून गरम वारा येत होता, बाहेर सागाची वाळलेली पानं रस्त्यावर लोळत होती. मांडीवरचा थर्मास तिने दोन्ही हातांनी धरला होता. इतके महिने हा माणूस आपलं दुखणं एकट्याने गिळत राहिला आणि आपण फेस मोजत बसलो, असं तिला वाटत राहिलं. देवा, तू मूल नाही दिलंस, मी तक्रार केली नाही. आता माणूस तरी ठेव.

दवाखान्याच्या दारात नर्स भेटली. दामिनीने अमरचं नाव सांगितलं. नर्सचं लक्ष थर्मासकडे गेलं आणि ती हसली.

"चहा आणला ना? सकाळपासून वाट पाहणं सुरू हाये. शेवटची खोली."

हसली म्हणजे जिवावरचं नसावं. दामिनीचे पाय जरा हलके झाले.

शेवटच्या खोलीत अमर नव्हता. खाटेवर भिंतीला टेकून एक अशक्त तरुणी बसली होती. खोली चुकली म्हणून दामिनी मागे वळणार, तोच त्या पोरीची नजर थर्मासवर पडली. तिने घाईघाईने डोक्यावर पदर घेतला आणि पाया पडायला वाकायला गेली. टाके ताणले तशी कळवळली.

"ताई, तुमी सोता आल्या? हे औषध आणाले गेले, येतेतच." तिचे डोळे भरून आले होते. "पोटात दुसरं काईच टिकत नव्हतं जी. तुमच्या चहावरच दिवस भरले माह्ये."

त्या पोरीने बाजूचं मऊ फडक्यातलं गाठोडं उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"घ्या ना याले. अगदी तुमच्या भावावर गेला, पाहा. नाव आत्यानंच ठेवाचं, म्हणून थांबलो आमी."